ताउलेलेआंची बहीण

सोमवार, ३ सप्टेंबर

पोचले एकदाची! बोटीवर शेजारणीची दोन डुकराची पिल्लं माझ्या पायांवर झोपून आली, आणि बंदरापासून वाइसिना गावापर्यंतच्या बसमध्ये गाणी इतकी मोठ्यानं, की बसायची फळी थरथरत होती. बस हाकणारा पेनिआमिना हाच माझा यजमान निघाला. कान तपासायला आलेल्या बाईला पहिल्याच दिवशी बहिरी करून सोडणार का, असं मी ओरडून विचारलं, तर त्यानं मान वळवून नुसतं 'आं?' केलं. सगळी बस हसली. मीही हसले, पण मनात टिपून ठेवलं. पंचेचाळिशीचा माणूस, आणि ओरडलेलंही ऐकू येत नाही.

काम सोपं आहे. सहा आठवडे इथे राहायचं आणि साठीपुढच्या माणसांचे कान, डोळे, दात, नाक, हातांची पकड आणि चाल तपासायची. ऑफिसचं म्हणणं असं, की म्हातारपणी डोकं एकाएकी जात नाही. आधी ही बाकीची दारं एकेक करून बंद होतात, मग आतला माणूस अंधारात बसतो. दारं वेळेवर उघडली तर चार-सहा वर्षं हाती लागतात. मला हे पटतं. राजधानीत, आपियात, मी आमच्या ऑफिसातली सगळ्यात आगाऊ नर्स म्हणून प्रसिद्ध आहे, आणि पटलेली गोष्ट मी लोकांच्या गळी उतरवतेच.

मुक्काम गावप्रमुख ताउलेलेआंच्या घरी. पेनिआमिना त्यांचा मुलगा आणि फुआतिनो सून. फुआतिनो अंगानं भरभक्कम आणि तोंडाची फटकळ. माझ्या पेट्या पाहून म्हणाली, बाई गं, तपासायला आलीस की संसार मांडायला? मग माझे काटकुळे हात पाहून नीरफणसाचे दोन मोठे तुकडे आणि नारळाच्या रसात शिजवलेली अळूची पानं पुढ्यात ठेवली. सगळं संपवल्याशिवाय उठू दिलं नाही.

जेवण झाल्यावर आईच्या फोनवर माझ्या लेकीशी, लुपेशी बोलले. बालरविवार, चर्चमधला पोरांचा सण, चौदा ऑक्टोबरला. लुपे यंदा पहिल्यांदाच पांढरा झगा घालून चर्चमध्ये सगळ्यांसमोर एकटीनं पाठ म्हणणार. मी शुक्रवारी, बारा तारखेला घरी पोचते, असं तीनदा वचन दिलं. तिसऱ्या वेळी तिनं आजीला साक्षीदार म्हणून बोलावलं. सात वर्षांची आहे, पण वकील होईल. बाप न्यूझीलंडला गेला तो गेलाच. तिला मीच आहे, आणि मला ती.

मंगळवार, ४ सप्टेंबर

आज संध्याकाळी एक गंमत पाहिली. गंमत म्हणू नये खरं तर.

सांजप्रार्थनेचा शंख वाजला. रस्त्याच्या दोन्ही टोकांना गावचे तरुण काठ्या घेऊन उभे राहिले. सगळी घरं बसली, कुत्रीसुद्धा गप्प. आणि आमच्या घरातून ताउलेलेआ उठले, सावकाश चालत बाहेर पडले आणि भर रस्त्यानं डुलत निघाले. शंख त्यांना ऐकूच आला नव्हता. प्रार्थनेच्या वेळी रस्त्यावर दिसणाऱ्याला दंड होतो, मग तो कुणी का असेना, आणि हा नियम खुद्द त्यांनीच कडक केलेला. काठ्या घेतलेल्या पोरांनी काय करावं? त्यांनी माना खाली घातल्या. सगळ्या गावानं माना खाली घातल्या. म्हातारा दोनदा रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आला, आणि नव्वद घरांपैकी एकाही घरानं त्याला पाहिलं नाही.

नंतर मी फुआतिनोला विचारलं. ती म्हणाली, बाबा चुकत नसतात. बाबा चुकले तर आम्ही तिकडे बघत नाही.

गुरुवार, ६ सप्टेंबर

ताउलेलेआंची तपासणी केली. वय चौऱ्याऐंशी. रोज सकाळी मी यंत्र आधी माझ्याच कानांवर लावून बघते. माझा आकडा दहा, म्हणजे पान पडलेलं ऐकू येईल असे कान. त्यांचा आकडा पंच्याहत्तर, म्हणजे कानाशी ओरडलं तरच ऐकू येईल असे. कानांत मळही इतका, की माझं तीन भांडी पाणी गेलं. एका डोळ्याचा मोतीबिंदू कधीतरी काढलेला, पण चष्मा कुणी दिलाच नाही. बाटल्या हुंगायला दिल्या, तर रॉकेलला खोबरेल म्हणाले. दहा पावलं चालायला पंधरा सेकंद. मुलाचं नाव विचारलं तर आपल्या भावाचं सांगितलं.

पण माणूस मोठा गोड. माझा हात धरून बसतात. कानात आवाज येतात, समुद्रावर कुणीतरी टोपलीतले शिंपले खळाखळा हलवतं, असं म्हणाले. मी घरच्यांना बसवून समजावलं, की यात भुताखेताचं काही नाही. आवाज मिळेनासा झाला की मेंदू रिकामा बसत नाही, स्वतःच आवाज तयार करतो. भोकं पडली की तो आपल्याकडचं ठिगळ लावतो. तुम्ही फक्त एक करा. त्यांना खोडून काढू नका. ते सोमवारला रविवार म्हणाले तर रविवार म्हणा. मेलेल्या माणसाची चौकशी केली तर तो बरा आहे म्हणा. वाद घातला की ते घाबरतात आणि आणखी बिघडतात.

फुआतिनोनं वही आणून हे सगळं उतरवून घेतलं. दोनदा वाचून दाखवलं. इतकी गुणी शिष्या मला आपियात कधी मिळाली नव्हती.

सोमवार, १० सप्टेंबर

पेनिआमिनाचे कान तपासले. आकडा पन्नास. बसचं इंजिन, वरून ती गाणी, रक्तातली साखर, आणि कानात चिकणमातीसारखा मळ. मळ काढला, औषध घातलं, गाण्यांवरून झापलं. तो लहान पोरासारखा ऐकून घेत होता, पण फुआतिनो रडत होती.

मग तिनं सगळं सांगितलं. या घरात साठीच्या आत कान जातात आणि सत्तरीत नावं जातात. सासऱ्यांचे दोन भाऊ तसेच गेले. कारण सगळं गाव जाणतं. मोएलागी.

मोएलागी ही ताउलेलेआंची धाकटी बहीण, जन्मतः बहिरी. छप्पन्न वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ती खडकांवरून शिंपल्यांची टोपली घेऊन परतत होती. शंख वाजून गेलेला. तिला कुठून कळणार? ती सरळ रस्त्यानं चालत आली. त्या दिवशी परगावचे प्रमुख पाहुणे बसले होते, आणि रस्त्यावर काठी घेऊन उभा होता तिचाच भाऊ. पाहुण्यांसमोर लाज जाऊ नये म्हणून त्यानं तिला काठीनं मारलं. तिनं टोपली खाली ठेवली, त्याच्या तोंडाकडे पाहिलं, पाठ फिरवली आणि समुद्रात चालत गेली. प्रार्थना संपेपर्यंत कुणी जागचं हललं नाही. नंतर शोधायला गेले तेव्हा काहीच नव्हतं.

आमच्यात बहिणीचा शब्द भावाला देवासारखा. ती मनातून नुसती दुखावली तरी पिढ्या जळतात, असं माझी आजीही सांगायची. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पण मी नर्स आहे. फुआतिनोला म्हटलं, शाप-बिप काही नाही गं, मळ आहे, साखर आहे आणि तुझ्या नवऱ्याची गाणी आहेत. तिनं मान हलवली. वहीत मात्र यातलं काही लिहिलं नाही.

बुधवार, १२ सप्टेंबर

आज म्हाताऱ्यानं मला मोएलागी समजून हाक मारली. हाक म्हणजे हातवारे. दोन बोटं गालावर टेकवून मग छातीवर, ही तिला बोलवायची खूण असावी. मी त्यांच्या पानात मासा वाढत होते. त्यांनी माझा चेहरा ओंजळीत धरला आणि ढसाढसा रडले. मीच सांगितलेला नियम मीच कसा मोडू? मी दोन बोटं गालावर टेकवली, मग छातीवर. ते लहान बाळासारखे शांत झाले आणि सबंध मासा खाल्ला. चार दिवस त्यांनी धड अन्नाला शिवलं नव्हतं.

फुआतिनो खांबाशी उभी राहून पाहत होती. माझं फार कौतुक केलं तिनं.

रविवार, १६ सप्टेंबर

मला आता घरात बहिणीचा मान आहे! चर्चमध्ये म्हाताऱ्याच्या उजवीकडे बसवलं. दुपारच्या मोठ्या जेवणात माझं पान सगळ्यात आधी. म्हातारा समोर असला की घरातले माझ्याशी खुणांनीच बोलतात, मोएलागी बहिरी होती ना. पेनिआमिनाच्या खुणा इतक्या विनोदी, की हसू आवरत नाही. नाटकात काम केल्यासारखं वाटतं. जेवताना चुकून मी 'मीठ द्या' म्हटलं, तर कुणी वरसुद्धा पाहिलं नाही. शाबास म्हटलं मनात. काय पोपटासारखं पाठ केलंय!

ऑफिसातून म्हाताऱ्याचा चष्मा आणि कानातली यंत्रं पुढच्या आठवड्यात येतील. मग नाटकाची गरज उरणार नाही. स्वच्छ दिसलं आणि ऐकू आलं, की त्यांचं तेच ओळखतील मी कोण ते.

शनिवार, २२ सप्टेंबर

फुआतिनोच्या हट्टाखातर पेनिआमिनाची पुन्हा तपासणी. आकडा पन्नासवरून तीसवर. मळ निघाला, दुसरं काय! मी तसं सांगितलं. पण ही बातमी तासाभरात गावभर झाली, आणि संध्याकाळपर्यंत चार बाया कोंबड्या घेऊन मला भेटायला आल्या. कुणीच बोललं नाही. कोंबड्या पायाशी ठेवल्या, दोन बोटं गालावर आणि छातीवर, आणि वाकून मागे सरत गेल्या. त्या वेळी म्हातारा झोपलेला होता. मग खुणा कुणासाठी?

मी फुआतिनोला स्पष्टच म्हटलं, की हे आता जास्त होतंय. ती हसली आणि म्हणाली, बाई, तूच तर शिकवलंस. मग म्हणाली, मंगळवारी चष्मा येतोय ना, बाबाच काय ते सांगतील. हे मलाही मान्य होतं. मी तर पुढे जाऊन म्हटलं, की त्या दिवशी सगळ्या प्रमुखांना बोलवा, एकदाच काय तो निकाल लागू दे.

मंगळवार, २५ सप्टेंबर

जसं घडलं तसं क्रमानं लिहिते.

गावचे बारा प्रमुख चटयांवर बसले होते, बाहेर बायामाणसं. मी दणक्यात भाषण ठोकलं, की आतापर्यंत ताउलेलेआ चाचपडत होते, आता ते जे पाहतील ते खरं पाहतील आणि जे ऐकतील ते खरं ऐकतील. माझ्याच तोंडचे शब्द आहेत हे.

यंत्रं कानात बसवली. म्हातारा दचकला. मग म्हणाला, समुद्र किती जवळ आलाय! पेनिआमिना काहीतरी बोलला, तर म्हणाला, अरे, तुझा आवाज इतका घोगरा कधी झाला? सगळे हसले, रडले. मी चष्मा चढवला. त्यांनी बायबल उघडून अर्धं पान वाचलं. मग एकेका प्रमुखाकडे पाहून नाव घेतलं. बाराच्या बारा बरोबर. बाहेरच्या बायकांचीसुद्धा. माझा ऊर भरून आला. आजवरच्या नोकरीत असा दिवस आला नव्हता.

मग ते माझ्याकडे वळले. मी मुद्दाम उजेडात बसले होते. खूप वेळ पाहिलं. मी स्वच्छ आवाजात म्हणाले, "आजोबा, मी एसेता. आपियाची नर्स."

त्यांनी ऐकलं. नीट ऐकलं, मान तिरकी करून. मग मंडळींकडे वळून म्हणाले, "तिकडे समुद्रात राहून हिला आवाज फुटलाय. पण आपण काय बोलतोय ते तिचं तिला ऐकू येत नाही, बिचारीला. मोएलागी आहे ही. आली परत."

मी म्हटलं, डोळे सुधारले म्हणून डोकं सुधारत नाही, कधी कधी जुनी ओळखच तेवढी पक्की बसून राहते. मी हे पाच वेळा, सहा वेळा म्हटलं. कुणाच्याही चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. सगळ्यात वयस्कर प्रमुख सावकाश म्हणाले, डोळे हिनं दिले, कान हिनं दिले, बाराची बारा नावं जुळली. आता चूक कशी होईल? मग सगळ्यांनी डोकी टेकवली. माझ्यापुढे.

बुधवार, २६ सप्टेंबर

काल रात्रीच आईला फोन करून उद्या निघते म्हणून सांगणार होते. फोन चार्जिंगला फुआतिनोकडे होता. सकाळी मागितला, तर तिनं दोन बोटं कानाला लावून नकारार्थी हलवली. बहिऱ्या माणसाला फोन कशाला?

मी ओरडले. घर चारी बाजूंनी उघडं आहे, सगळ्या गावानं ऐकलं असणार. समोरची बाई पानं झाडत होती. झाडतच राहिली. चर्चचे पाळक रस्त्यानं जात होते. त्यांना हाताला धरून थांबवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनी माझ्या मुठीतून हात सोडवला आणि दोन बोटं गालावर—

फुआतिनो संध्याकाळी माझे केस विंचरायला बसली. तेव्हा कानाशी एवढंच पुटपुटली, की बाई, माझ्या माणसाचे कान परत आलेत. माझी चार लेकरं आहेत. रागावून जाऊ नकोस. मी म्हटलं, मलाही लेकरू आहे गं. कंगवा क्षणभर थांबला. मग पुन्हा फिरायला लागला. त्यानंतर ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही.

शुक्रवार, २८ सप्टेंबर

आज कुणाचाच शब्द कानावर पडला नाही. मला पाहिलं की गप्पा थांबतात. बायका हसत असतात, मी गेले की हातच तेवढे हलतात. किती मायेनं हलतात! मारलं असतं तर परवडलं असतं.

सवयीनं सकाळी तपासणीचं यंत्र माझ्या कानांना लावलं. वीस.

सोमवार, १ ऑक्टोबर

पहाटेच्या बसला जाऊन उभी राहिले. पेनिआमिनानं खाली उतरून, वाकून, छत्री माझ्या डोक्यावर धरली आणि मला घरापर्यंत परत आणलं. बसभर माणसं. गाणी बंद होती. मी प्रत्येकाला सांगितलं, मी एसेता, माझ्या घरी माझी मुलगी आहे. एक म्हातारी रडली. कुणी खिडकीतून पाहत होतं, कुणी मांडीकडे.

मग पायी निघाले. पुढच्या वळणावर एक भाड्याची गाडी थांबली, आत परदेशी जोडपं. दार उघडणार एवढ्यात मागून फुआतिनो आली, धापा टाकत. त्यांना काहीतरी सांगितलं. बहिरी आहे, डोक्यानंही जरा— एवढं मला समजलं. त्या बाईनं कळवळून माझा गाल थोपटला. मी बोलत होते! त्यांना समजेल अशा भाषेत बोलत होते! पण मी जितकी ओरडत होते तितकं फुआतिनोचं खरं वाटत होतं.

बुधवार, ३ ऑक्टोबर

पस्तीस.

यंत्र बिघडलं असेल म्हणून म्हाताऱ्याला लावून पाहिलं. त्यांचा आकडा जिथल्या तिथे. यंत्र ठीक आहे.

स्वतःशी मोठ्यानं बोलायचं ठरवलंय. नाव, पत्ता, लुपेचा वाढदिवस, ऑफिसातल्या सगळ्यांची नावं. आवाज मिळेनासा झाला की मेंदू काय करतो ते मी लोकांना शिकवते. आता मला—

शनिवार, ६ ऑक्टोबर

आज शिंपल्यांचा आवाज ऐकला. खळाखळा. टोपलीत कुणी हलवल्यासारखा. आसपास कुणी नव्हतं.

हे ठिगळ आहे. मी स्वतःच सांगितलं होतं, ठिगळ आहे. घाबरायचं नाही.

रविवार, ७ ऑक्टोबर

शंख ऐकू आला नाही. मी विहिरीकडे चालले होते. मागे वळून पाहिलं, तर रस्ता ओस, सगळी घरं बसलेली, आणि सगळ्या माना खाली. एकजण काठी घेऊन माझ्या अगदी जवळ उभा होता. त्यानंही मान खाली घातली. मी रस्त्याच्या मधोमध रडत उभी राहिले. मला माझं रडणंही फार लांबून—

मंगळवार, ९ ऑक्टोबर

साठ.

खोबरेल हुंगलं. काही नाही. रॉकेल हुंगलं. काही नाही.

ऑफिसातल्या साहेबीणबाईंचं नाव आठवत नाही. गोल चेहरा. निळी पर्स. नाव— लुपे आठवते. लुपे, लुपे, लुपे. शुक्रवारी घरी जायचं आहे. हे हातावर लिहून ठेवलं.

गुरुवार

फुआतिनोनं आंघोळ घालताना हात चोळून स्वच्छ केला. काळजीनं, साबण लावून. हातावर काहीतरी लिहिलेलं होतं. काय होतं ते विचारायचं होतं. खूण माहीत नाही.

शुक्रवार

आज काहीतरी करायचं होतं. दिवसभर रस्त्याकडे तोंड करून बसले. बस आली, गेली. मी उठले, पुन्हा बसले. कशासाठी, ते—

म्हाताऱ्यानं शेजारी बसून मला नारळ किसून दिला. हात थरथरतात त्यांचे. भले आहेत.

रविवार

गावातली सगळी पोरं पांढऱ्या कपड्यांत. चर्चमध्ये एकेक उभं राहून तोंड हलवत होतं. मला रडू आलं. दादानं डोळे पुसले. आज मोठ्यांनी पोरांना वाढायचं, मीही वाढलं. यंत्र कुणीतरी पेटीत घालून ठेवलंय. नको आता. छान शांत आहे. फक्त शिंपले.

सोमवार (?)

काल सगळी पोरं पांढऱ्यात होती. आज एकच.

बसमधून एक म्हातारी बाई उतरली, लांबून आलेली, हाताला ही पोर. पांढरा झगा प्रवासात चुरगळलेला. म्हातारी फुआतिनोशी हातवारे करत भांडत होती, मग माझ्या पायांशी बसून माझे खांदे हलवायला लागली. मी दोन बोटं गालावर टेकवली, मग छातीवर. पाहुण्यांशी गोड वागावं, दादाला आवडतं. ती आणखीच रडू लागली.

पोर रडली नाही. तिनं झगा नीट केला, हात मागे बांधले, ताठ उभी राहिली आणि माझ्याकडे बघून तोंड हलवायला लागली. काहीतरी पाठ म्हणत असावी. किती गोड पोर. कुणाची कोण जाणे. मी लिहितेय आणि ती म्हणतेय. पुन्हा पहिल्यापासून म्हणतेय. ओठ तिथेच येऊन थांबतात. आता गप्प उभी आहे. माझ्या तोंडाकडे बघते आहे, जसा काही पुढचा शब्द मीच तिला